फेतबाईंच्या नावाने

हे गेले त्याला दोन वर्षं झाली होती आणि मुलगी सिडनीला. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि दर रविवारी ती तेच म्हणायची, "आई, आपल्या लाओसमध्ये रेल्वे सुरू झाली, सगळं विएंतियान लुआंग प्रबांगला जाऊन आलं. तू तेवढी घरात बसून राहिलीस." शेवटी तिने तिकडूनच तिकिटं काढली आणि जायच्या-यायच्या तारखा माझ्याकडून फोनवर लिहून घेतल्या, गृहपाठ लिहून घ्यावा तशा. वर पुन्हा वाचूनही दाखवायला लावल्या.

गेले. गाडी डोंगरात शिरली की नुसते बोगदे. दोन मिनिटं हिरवं दिसतं, मग काचेत आपलाच चेहरा. शेजारची बाई झोपली होती, त्यामुळे त्या चेहऱ्याशी माझी बरीच गाठ पडली.

लुआंग प्रबांगला सकाळी भिक्षूंना भात वाढायला मी रस्त्याच्या कडेला चटईवर गुडघे टेकून बसले, तर समोरून एका परदेशी माणसाने माझा फोटो काढला आणि हात जोडून आभार मानले. अरे बाबा, मीही तुझ्यासारखीच फिरायला आलेय, हे त्याला सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती. दोन दिवस देवळं पाहिली, नदीकाठच्या पायऱ्या उतरले, चढले. त्या दोन दिवसांत माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते एवढेच : "एक खोली", "नाही, एकटीच", "तिखट कमी".

तिसऱ्या दिवशी स्टेशनवर परतीच्या गाडीला अजून दोन तास होते. वरच्या फलकावर उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीचं नाव लागलं. मुआंग साय. चव्वेचाळीस वर्षांत मी ते नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. खिडकीपाशी जाऊन घेतलं, आणि तिकीट मिळालं. इतकं सोपं होतं ते.

एकोणीसशे एकोणऐंशी साली मी एकोणीस वर्षांची होते. राज्य नवं, शिक्षक थोडे. वर्षभराचा अभ्यास उरकून आम्हा मुलींना डोंगरात पाठवायचे. माझ्या वाट्याला पुंगसा आलं. मुआंग सायपासून मीठ विकणाऱ्याच्या सोबतीने दोन दिवस पायी. गाव खमू लोकांचं. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. तेवीस मुलं, एक फळा आणि उंदीर. पावसात झोपडी गळायची, पायांवर जळवा चढायच्या, तापाने दात वाजायचे. गावातल्या बायका दारात वाडग्यात काहीबाही ठेवून जायच्या, कधी बांबूचे कोंब, कधी भाजलेली खार. मला ते बघूनही रडू यायचं.

सात महिन्यांनी मी मुलांना सांगितलं, खडू संपलेत, शहरातून घेऊन येते, आठ दिवसांत परत. सगळी मुलं ओढ्यापर्यंत पोचवायला आली. मी गेले ती विएंतियानलाच. मामांची कुणा साहेबांशी ओळख होती, बदली झाली. पुढे छत्तीस वर्षं शहरात शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा पदक मिळालं, फुलं मिळाली. पुंगसाचं कधी कुणाला बोलले नाही. यांनाही नाही.

मुआंग सायच्या बाजारात चौकशी केली तर कळलं, आता ट्रक जातो. फेब्रुवारी होता, झाडूचं गवत उतरवायचे दिवस. गवत आणायला निघालेल्या एका ट्रकवाल्याने मला पुढे बसवून घेतलं. खमसिंग त्याचं नाव, पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाने अखंड बडबड्या.

"मावशी, पुंगसाला कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही."

"मग काय, झाडू विकायला निघालात? आमच्या पोटावर पाय नका देऊ हां!"

"पूर्वी शिकवायला होते तिथे."

त्याने स्टिअरिंगवर थाप मारली. "बाई! आधी नाही का सांगायचं? अहो, आज कोंबडी कापणार तुमच्यासाठी. एक काम करा, विचारलं तर सांगा, हा ड्रायव्हर माझा भाचा लागतो. पंगतीला बसतो मग तुमच्या शेजारी."

"ओळखायला नकोत का मला? किती वर्षं झाली."

"ती डोंगरातली माणसं आहेत, मावशी. ती विसरत नाहीत. हेच तर वाईट आहे. पाच वर्षांपूर्वी मी त्यांचा एक कोंबडा चिरडला होता, अजून तोंडावर मारतात."

मी हसले. पण वाटेत दोनदा मनात आलं, याला थांबायला सांगावं. थांबवून करणार काय, तेही ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंना नुसतं जळलेलं शेत आणि धूर.

चार तासांत पोचलो. गाव आता पत्र्याच्या छपरांचं झालं होतं. शाळा सिमेंटची होती, निळ्या दारांची. मोठ्या आवारात सात-आठ बायका झाडूचं गवत झोडत होत्या आणि कडेला उन्हात एक म्हातारा बुटक्या स्टुलावर बसला होता. त्याला मी कानांवरून ओळखलं. मोठे, पुढे आलेले कान. माझ्या वेळचा गावाचा मुखिया, बुनथनकाका. तेव्हा चाळिशीचा होता आणि माझी झोपडी गळते म्हणून स्वतः चढून गवत घालून गेला होता.

खमसिंग ओरडला, "काका, पाहुणी आणलीय! तुमच्या पूर्वीच्या बाई!"

म्हाताऱ्याने मान वर केली. दोन्ही डोळ्यांत पांढरा पडदा आला होता. त्याने हात पुढे चाचपडत माझे हात धरले.

"फेतबाई!" तो माझ्या भाषेत म्हणाला. "किती वाट बघायला लावलीत!"

गवत झोडणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांच्यातली एक, पन्नाशी उलटलेली, डोक्याला चौकटीचं फडकं गुंडाळलेली, माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने हातातली पेंढी खाली ठेवली, आत गेली आणि चटई घेऊन आली.

"बसा बाई," ती म्हणाली. "लांबून आलात."

बोलायचं होतं तर तेव्हाच. मी बुआवन आहे, फेत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण कुणी पाणी पुढे केलं, कुणी माझी पिशवी उचलली, आणि काका माझे हात सोडेनात. दोन वर्षांत माझे हात असे कुणी धरले नव्हते. मी बसले.

दुपार उतरता उतरता काकांचं घर भरून गेलं. खमसिंग म्हणाला होता तशी कोंबडी कापली, एक नव्हे, दोन. तो न बोलावता माझ्या शेजारी येऊन बसला आणि मला कोपराने ढोसत कुजबुजला, "भाचा, लक्षात आहे ना?" मध्ये केळीच्या पानांचा मनोरा मांडला, उकडलेली अंडी, भात, पांढऱ्या दोऱ्यांची गुंडी. तांदळाच्या दारूचा रांजण आला, त्यात बांबूच्या लांब नळ्या. काका बोलत होते आणि बाकीचे ऐकत होते.

फेतबाई अकरा वर्षं राहिल्या, हे मला काकांकडूनच कळलं. म्हणजे माझ्यामागून आल्या. काका एकेक गोष्ट काढत आणि दर गोष्टीनंतर माझ्याकडे वळत.

"गोवराची साथ आली त्या वर्षी तुम्ही सीपानच्या भावाला पाठीवर घेऊन दोन दिवस चाललात. आठवतं ना?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

"आठवतं," मी म्हणाले.

"आणि बायकांना वाचायला शिकवलंत, दिव्याच्या उजेडात. मी म्हणत होतो, म्हाताऱ्या बायकांना अक्षरं कशाला? तर माझ्यावरच खेकसलात!"

"तुम्ही ऐकत नव्हता," मी म्हणाले. ते कुठून आलं कोण जाणे. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि बायकाही हसल्या. तेवढ्यापुरतं मला वाटून गेलं की मी खरंच खेकसले होते.

मग दोरे बांधले. काकांनी मंत्र म्हटला, माझ्या अंगातून वाटेत कुठे कुठे सांडलेले जीव एकेक करून परत बोलावले : ओढ्यावर राहिलेला ये, शहरात राहिलेला ये, परक्याच्या दारात बसलेला ये. मग घरातलं एकेक माणूस गुडघ्यांवर सरकत माझ्यापुढे येई, मनगटाला दोरा गुंडाळी, गाठ मारी आणि काहीतरी चांगलं म्हणे. आयुष्य मोठं असो. गुडघे न दुखोत. एक पोक्त बाई म्हणाली, "मुलंबाळं जवळ राहोत." खमसिंगनेही बांधला. "मावशी, ट्रकमध्ये ओकारी न येवो," तो म्हणाला, आणि त्याला मागून कुणीतरी चापट मारली. माझे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे झाले.

चटईला चटई लागून एवढी माणसं, मधे हात टेकायला जागा नाही. आणि मी एवढी एकटी तर विएंतियानच्या त्या रिकाम्या घरातही नव्हते. हे सगळं दुसऱ्या कुणाचं होतं. मी त्या बाईच्या जागेवर बसून तिचं जेवत होते, आणि ती कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

चौकटीच्या फडक्यातली बाई सगळ्यांत शेवटी आली. तिने दोरा बांधला, गाठ घट्ट केली, काहीच बोलली नाही. तीच सीपान. तिच्याच घरात मला झोपायला जागा दिली.

सकाळी गावात इतकं धुकं होतं की समोरची कुडाची भिंत दिसत नव्हती. मी चुलीपाशी बसले होते. सीपानने चिकट भाताचा गोळा केळीच्या पानात बांधला, दुसरा एक बांधला, मिठात घोळलेली मिरची ठेवली आणि म्हणाली, "चला बाई. फेतबाईंना भेटून येऊ."

मी चुलीपासून उठले आणि चपला शोधू लागले.

"पायांत काहीतरी घट्ट घाला," ती म्हणाली. "दव आहे."

गावाच्या वर, बांबूच्या बेटामागे त्यांचं पुरायचं रान होतं. तिथे एका बाजूला लाकडी कठड्यात मातीचा छोटा उंचवटा. कठड्याची दोन लाकडं नवी होती. सीपानने एक पुडी सोडून भात मातीवर ठेवला, मिरची ठेवली, पाल्याने वरचा कचरा झाडला.

"ताप डोक्यात गेला," ती म्हणाली. "अकराव्या वर्षी. तुम्हा लोकांत जाळतात ना, भिक्षू लागतात. माझा बाप दोन दिवस चालत जाऊन एका भिक्षूला घेऊन आला, पण तोवर पुरावंच लागलं. भिक्षूने मंत्र म्हटले इथे उभं राहून. घरी पत्र पाठवलं होतं तिच्या. कोणी आलं नाही."

मी ओल्या गवतातच बसले.

"मी फेत नाही, हे कधी कळलं तुला?"

"ट्रकमधून उतरलात तेव्हाच. तुम्ही उतरताना आधी डावा पाय टाकता आणि पदर सावरावा तसा खांदा वर करता. बुआवनबाई. खडू आणायला गेला होता तुम्ही."

ती दहा वर्षांची असणार तेव्हा. तेवीस मुलांत मला तिचा चेहरा आठवत नव्हता. मी खूप प्रयत्न केला. आठवला नाही.

"राग आला होता?" मी विचारलं.

"आठ दिवस ओढ्यापर्यंत जायचो रोज. नवव्या दिवशीही गेलो, म्हटलं मोजण्यात चूक झाली असेल. मग मात्र आला. तुमच्या झोपडीत आम्ही डुकरं बांधली." ती हसली. "चांगली पोसली. कोरडी जागा होती, काकांनी छप्पर घातलं होतं ना."

मलाही हसू आलं, आणि हसतानाच रडू. तिने मला रडू दिलं. दुसरी पुडी सोडून स्वतः भात खाऊ लागली, अर्धा माझ्याकडे सरकवला.

"मग काल का बोलली नाहीस? सगळ्यांसमोर मी खोटं बोलत होते."

"सगळ्यांनाच ठाऊक होतं, बाई. जी चाळिशीच्या पुढची आहेत त्यांनी फेतबाईंना पुरताना पाहिलंय." तिने बोटं चाटली. "काका विसरतात. बायको गेलेली लक्षात आहे, फेतबाई गेलेल्या लक्षात नाही. दर वर्षी गवत निघालं की सुरू होतं, बाई सुट्टीवरून कधी येणार, बाईंचं पत्र आलं का. आम्ही म्हणतो, येतील. किती वर्षं म्हणायचं? काल तुम्ही आलात. आम्हीच तुम्हाला वापरून घेतलं म्हणा ना."

"आणि दोरे?"

"ते तुमचेच. माणूस एकटं आलं की बांधायचेच असतात. बांधताना मी तुमचंच नाव घेतलं. मनात."

मी मातीच्या उंचवट्याकडे बघत बसले. त्या बाईचा फोटोसुद्धा मी पाहिला नव्हता. माझ्यासारखीच कुठल्या तरी शहरातली मुलगी असणार, माझ्यासारखीच रडली असणार त्या छपराखाली. माझ्या जागी आली होती ती. मी राहिले असते तर तिला दुसरं गाव मिळालं असतं, एखादं सडकेजवळचं. असा हिशेब लावून उपयोग नसतो हे मला कळत होतं, तरी मी लावत होते.

"काय शिकवायची?"

"सगळं. पाढे. पत्र कसं लिहायचं ते." सीपान उठली, लुगडं झटकलं. "तुम्हीसुद्धा शिकवलं होतं, बाई. अगदीच काही नाही असं नाही. क-ख तुमच्याकडेच झाला माझा."

परत येताना शाळेवरून आलो. मधली सुट्टी संपत होती. तरुण शिक्षिकेने मला बघून मुलांना उभं केलं आणि मुलांनी एका सुरात नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. ती म्हणाली, "या ना बाई, आत या, दोन शब्द बोला." मी म्हणाले, ट्रक निघायचाय.

ट्रक भरून दोऱ्या आवळून झाल्या होत्या. सीपान म्हणाली, "राहा चार दिवस." मनापासून म्हणाली. पण चार दिवस मला फेत म्हणूनच राहावं लागलं असतं, निदान काकांसमोर, आणि काका दिवसभर उन्हात तिथेच बसलेले. बायकांनी माझ्या पिशवीत सुके बांबू, एक भोपळा आणि दोन नवे झाडू कोंबले. सीपानने माझा नंबर कोळशाने भिंतीवर लिहून घेतला. आकडे सुबक होते.

काकांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"या वेळी लवकर या, फेतबाई."

"येते," मी म्हणाले.

गाव मागे पडल्यावर खमसिंगने ट्रकचा वेग कमी केला. मग म्हणाला, "मावशी, तुमचं नाव फेत नाही ना? मला आज बायकांनी सांगितलं."

"नाही."

"काय आहे मग?"

"बुआवन."

"बुआवनमावशी," त्याने म्हणून पाहिलं. "हेच बरं आहे." आणि पुन्हा त्या कोंबड्याची गोष्ट सुरू केली.

रविवारी मुलीचा फोन आला. लुआंग प्रबांग कसं वाटलं, म्हणाली. मी म्हणाले, छान आहे, स्वच्छ ठेवलंय. पुढचंही सांगणार होते. पण कुठून सुरुवात करायची? एकोणऐंशीपासून? तिच्याकडे दहा मिनिटं होती आणि तिच्या मागे मुलांचा आरडाओरडा चालला होता. दोरे मी तोडले नाहीत. भांडी घासताना, अंघोळीत भिजून ते करडे झाले आणि एकेक करून आपोआप गळाले. शेवटचा कधी गळाला ते कळलंही नाही.

सीपानचा फोन पावसाळ्यात आला, जुलैत. गावात आवाज नीट येत नाही म्हणून ती टेकडी चढून गेली होती. धापा टाकत होती.

"काका गेले, बाई. मंगळवारी. त्रास नाही झाला."

मी काय बोलायचं ते बोलले.

"शेवटचे दोन-तीन दिवस तुमचं चाललं होतं. बाई आल्या का, बाई आल्या का."

"कोणत्या बाई?" मी विचारलं. "नाव घेतलं का?"

पलीकडून वाऱ्याचा आणि पानांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज येत होता.

"नाही," ती म्हणाली. "नुसतं बाई म्हणत होते."

मग फोन तुटला. मी थोडा वेळ तो हातात धरून बसले, पुन्हा येईल म्हणून. मग उठले आणि उद्याच्या चिकट भातासाठी तांदूळ भिजत घातले, एकटीपुरते, मूठभर.